त्या पदाची चाल कुणाला येते का?

परवा एका संग्राहकांच्या घरी लॅमिनेशन केलेली सिनेमाची जुनी कथा-पदांची पुस्तिका बघितली आणि खरं सांगतो, पोटात कालवलं. १९३९ च्या 'ब्रँडीची बाटली'ची. गरम प्लास्टिकात चिकटलेला तो कागद आता कुणाच्या बापाला बाहेर काढता येणार नाही.

किती जणांना माहीत आहे हा पिक्चर? कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, लेखन आचार्य अत्रे, दिग्दर्शन मास्टर विनायक, संगीत दादा चांदेकर. ह्याच मंडळींचा आदल्या वर्षीचा 'ब्रह्मचारी' सगळ्यांना ठाऊक, तोही नायिका मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखामुळं जास्त, पण मला विचाराल तर खरी गंमत बाटलीत आहे. म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून म्हणजे दामुअण्णा मालवणकर, औषधाला पाहिजे म्हणून ब्रँडी शोधत गावभर हिंडतोय आणि ब्रँडी म्हणजे काय हेच बिचाऱ्याला माहीत नाही! त्याच वर्षी मुंबईत दारूबंदी आली हे ध्यानात घेतलं की अजून हसू येतं.

आमचे आजोबा बेळगावच्या शहापुरात हातमागावर बसायचे. धोटा मारता मारता मधेच दामुअण्णांसारखा डोळा तिरका करायचे, आम्ही पोरं हसून लोळायचो. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात, कोल्हापूरचा पिक्चर म्हणजे घरचाच.

लोक विचारतात, काय बघूलास रे त्या फाटक्या कागदात? अरे, त्या काळातली फिल्म नायट्रेटची, भसकन पेटणारी, आणि जी जळली नाही ती कित्येकदा चांदी काढायला वितळवली. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह सुरू झालं १९६४ ला, म्हणजे ह्या पिक्चरनंतर २५ वर्षांनी. तोवर किती पिक्चर गेले त्यातले काही आता फक्त पुस्तिकेत नाहीतर ग्रामोफोनच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीत उरलेत, तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. म्हणून आमच्यासारखे लोक रद्दीवाल्याकडं तासन्‌तास बसतात. किमतीसाठी बसणारेही आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण कागद गुदमरवू नका हो.

माझी प्रत रद्दीतच मिळाली. टाचणी गंजून पानात उतरलेली. कथा अर्ध्यावर सोडून पुढचं पडद्यावर बघा म्हणतात तशी, आणि मग पदं. त्यातल्या एका पदापुढं कुणीतरी पेन्सिलीनं बारीक खूण केलीय आणि कडेला सूर लिहिलेत, तीन-चारच, पुढचे पुसट झालेत. बहुतेक पेटी शिकणारं कुणी असेल. टाचणी मी काढली, दोऱ्यानं शिवली, सगळी पानं स्कॅन केली. पाहिजे त्यानं इनबॉक्स करा, फुकट पाठवतो.

आणि निपाणी, खानापूर, कुठंही कुणाच्या माळ्यावर ह्या पिक्चरची तबकडी असली तर विकू नका असं म्हणत नाही, फक्त एकदा फोनवर का होईना ऐकवा. त्या खूण केलेल्या पदाची चाल मला अजून सापडलेली नाही.