‘गोष्ट कुठे आहे यात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया मनापासून लिहिली आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्ट्रीट डान्सचे सिनेमे एकाच साच्यातले, गरीब पोरं, माजोरडे प्रतिस्पर्धी, शेवटी स्पर्धा आणि विजय. गोष्ट नावाला, बाकी नुसत्या उड्या. शिवाय बघून पोरं बिघडतात ती वेगळीच.

साच्यावरून आपलं भांडण नाही. ‘ब्रेकिन’ १९८४च्या मे महिन्यात आला, डिसेंबरात लगेच दुसरा भाग. त्यात पोरं नाचून एक समाजकेंद्र वाचवतात. पुढे बऱ्याच सिनेमांनी वाचवायची जागा आणि बक्षिसाची रक्कम तेवढी बदलली.

पण ‘नुसत्या उड्या’ हे पटत नाही. ‘बीट स्ट्रीट’मधला (१९८४) रॉक्सी क्लबातला सामना पुन्हा बघा. रॉक स्टेडी क्रू आणि न्यूयॉर्क सिटी ब्रेकर्स, दोन्ही गट खरेखुरे. बॅटलमध्ये एकजण रिंगणात येतो, आधी उभ्यानेच पावलं टाकत समोरच्याला डिवचतो. मग हात टेकून खाली जातो, पाय गरागरा फिरवतो, गिरकी घेतो आणि अंग वेडंवाकडं असतानाच गपकन थांबतो. हा फ्रीझ. थांबून बघतो कुणाकडे, तर प्रतिस्पर्ध्याकडे : दाखव आता तू. त्याने तीच स्टेप जशीच्या तशी केली तर ती चोरी, सगळे हसतात. ती अवघड करून किंवा तिची टर उडवून परत करावी लागते. अंगाला हात न लावता समोरच्याचा पाणउतारा करायचा. सरळसरळ सवाल-जवाब आहे हा, आणि गोष्ट त्यातच चाललेली असते. संवादात शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण संवाद बहुतेक वेळा खरंच भिकार असतात.

माझी तक्रार वेगळी आहे : नाच धड दिसूच देत नाहीत. अलीकडच्या बऱ्याच सिनेमांत पाय उचलला की कट, टेकला की कट. ‘ब्रेकिन’मध्ये मायकल चेंबर्स झाडू घेऊन नाचतो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत आख्खा माणूस दिसतो, म्हणून झाडू जिवंत वाटतो. उलट ‘फ्लॅशडान्स’ (१९८३) घ्या. जिद्दीने पुढे आलेल्या मुलीची शेवटची ऑडिशन. त्यातला बराच नाच नायिकेचा नव्हेच, तिच्या जागी नाचलेल्या मरीन जहान या नर्तिकेचा, आणि पाठीवरची गिरकी क्रेझी लेग्ज नावाच्या पोराची, विग घालून! जहानचं नाव श्रेयनामावलीतही नव्हतं. (यावर तुम्ही चिडला असतात तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.) लॉस एंजेलिसच्या क्रंप नाचणाऱ्या पोरांवरचा ‘राइझ’ (२००५) सुरुवातीलाच सांगून टाकतो की चित्रणाचा वेग कुठेही वाढवलेला नाही. पोरं नाचतातच तशी, सांगितलं नसतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

‘पोरं बिघडतात’ याला पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्रेकिंग (म्हणजे हाच बॅटलमधला नाच) दाखवून मी तुम्हाला गप्प करणार नाही. सिनेमे फसवतात ते सरावाच्या बाबतीत. डोक्यावर गरगर फिरायला शिकण्यात महिनोन्‌महिने जातात, मान आणि मनगटं धरतात. पडद्यावर ते एका गाण्यात उरकतं.

एकच बघायचा तर कोणता, असं शेवटी खोचक विचारलंत. ‘प्लॅनेट बी-बॉय’ (२००७). जर्मनीतल्या ‘बॅटल ऑफ द इयर’ या ब्रेकिंगच्या स्पर्धेला निघालेल्या निरनिराळ्या देशांतल्या गटांवरचा माहितीपट आहे. त्यातल्या कोरियन पोरांवर सक्तीच्या लष्करी सेवेची टांगती तलवार आहे, नाचायला वर्षं मोजकीच. गोष्ट हवी होती ना? सबटायटल्स लावून बघा, आणि मग भांडायला पुन्हा या.