चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमीफ्लू नव्हे

रविवारी रामबागेत ताईकडे गेले, तर गॅसवर पातेलं, त्यात चार चक्रीफुलं उकळताहेत आणि आतल्या खोलीत चौदा महिन्यांचा भाचा तापानं फणफणलेला. "अगं, फ्लूवरची टॅमीफ्लू ह्याचीच बनते," असं म्हणत ताईच्या सासूबाईंनी मोबाईल पुढे केला. मेसेजचा सारांश असा: टॅमीफ्लू म्हणजे चक्रीफुलाचा अर्क, कंपन्या लुटतात, मुलांना फ्लू झाला की दोन वेळा काढा पाजा, ताप उतरेना तर अर्धी ॲस्पिरिन द्या, आणि लस टोचू नका, तिनंच फ्लू होतो.

चक्रीफुलाचा संबंध खोटा नाही, इतकं मान्य. चिनी चक्रीफुलातून शिकिमिक आम्ल काढायचं, त्यावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करायच्या, तेव्हा कुठे टॅमीफ्लूमधलं ओसेल्टामिविर तयार होतं. पुढे हेच आम्ल जिवाणूंकडूनही बनवून घेऊ लागले. पण नुसतं आम्ल फ्लूच्या विषाणूचं काही वाकडं करत नाही. ओसेल्टामिविर विषाणूचं एक विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे नवे विषाणू पेशीतून सुटून पसरू शकत नाहीत. काढ्यात ते औषध नसतंच. रम उसाच्या मळीपासून होते, म्हणून उसाचा रस पिऊन कोणी झिंगलेलं ऐकलंय?

काढा नुसता निरुपयोगी असता तरी मी गप्प बसले असते. चक्रीफुलाचा एक जपानी भाऊबंद आहे, शिकिमी. विषारी. (त्या आम्लाला नावही ह्याच झाडावरून मिळालं, घ्या!) वाळल्यावर दोन्ही इतकी सारखी दिसतात की इंदूरच्या सियागंज बाजारातला मुरलेला किराणावालाही नुसतं बघून छातीठोक सांगू शकणार नाही. 2003 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं चक्रीफुलाच्या चहाविरुद्ध जाहीर इशारा दिला. सुमारे 40 जण आजारी पडले होते, त्यांत 15च्या आसपास तान्ही बाळं. झटके, उलट्या, थरथर. आणि ह्याच वयाच्या पोरांना हे दोन वेळा पाजायचं?

ॲस्पिरिनबद्दल एकच सांगते: फ्लू झालेल्या मुलाला ती द्यायचीच नसते. मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा राय सिंड्रोम होण्याचा धोका असतो.

लुटीचं म्हणाल तर ओसेल्टामिविर आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात. हं, ते रामबाण नाही. औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014च्या आढाव्यात एरवी धडधाकट मुलांचा आजार साधारण 29 तास आधी आटोपल्याचं दिसलं, आणि उलट्या वाढल्याचंही. म्हणून सरसकट देत नाहीत. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फ्लू बळावण्याची भीती जास्त, तिथे डॉक्टर वजनावर मात्रा ठरवून पाच दिवस देतात. पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर उत्तम. तेच तास हा काढा खातो.

लशीनं फ्लू होत नाही. इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणूच नसतो. हात दुखेल, दिवसभर कणकण राहील. सहा महिन्यांपासून देता येते, नऊ वर्षांच्या आत पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक.

संध्याकाळी डॉक्टरांनी सिरप दिलं. पहिला डोस भाच्यानं माझ्या ओढणीवर ओकला, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. काढा मात्र त्यांनीच मोरीत ओतला. फुलं धुऊन वाळत घातली, पुलावासाठी.