पनवती, जॉर्जिया शाखा

आधीच सांगून टाकतो, अमेरिकन फुटबॉल मला कळत नाही. आता थोडाफार कळतो, पण 8 जानेवारी 2018 ला अजिबात कळत नव्हता, आणि तरीही त्या रात्री जॉर्जियाची टीम हरली ती माझ्यामुळे, असं आमच्या गल्लीतली निदान दहा-बारा माणसं आजही मानतात. (अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटामध्ये गल्लीला गल्ली म्हणत नाहीत, सबडिव्हिजन म्हणतात. मी गल्लीच म्हणतो.)

आमचा शेजारी जॉर्जिया युनिव्हर्सिटीतून शिकलेला. वर्षातले सात-आठ महिने इतका सालस माणूस की आमच्या अंगणातली पानंसुद्धा न सांगता गोळा करून देतो. पण फुटबॉलचा सीझन लागला की भुंकतो. म्हणजे खरंच भुंकतो हो. टीमचा मॅस्कॉट बुलडॉग, त्यामुळे फॅन लोक एकमेकांना दिसले की भुंकून रामराम करतात. पन्नाशीचा गृहस्थ सकाळी पेपर उचलायला बाहेर येतो, समोरून चर्चला निघालेल्या मावशी दिसतात, हा भुंकतो, त्या उलट भुंकतात आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. त्या बुलडॉगचं नाव अगा. एक अगा गेला की दुसरा येतो, आणि गेलेल्या अगांच्या समाध्या युनिव्हर्सिटीच्या गावी, अथेन्सला (ग्रीसमधलं नव्हे, जॉर्जियातलं), स्टेडियममध्येच बांधल्यात. मी त्याला रायगडावरच्या वाघ्याबद्दल सांगितलं तर त्याचे डोळे पाणावले. तिथेच आमची मैत्री पक्की झाली आणि तिथेच माझं नशीब फिरलं, कारण त्याने मला फायनल बघायला घरी बोलावलं.

फायनल म्हणजे कॉलेजची नॅशनल चॅम्पियनशिप, जॉर्जिया विरुद्ध अलाबामा, तीही अटलांटातच, आमच्या घरापासून पंचवीसेक मैलांवर. आता कॉलेजची मॅच म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे आलं आमच्या साताऱ्याच्या कॉलेजचं ग्राउंड, शिट्टीवाले पीटीचे सर आणि बाउंड्रीवर चरणारी म्हैस. इथे कॉलेजच्या स्टेडियममध्ये नव्वद हजारांच्या वर माणूस बसतं, आणि अलाबामाच्या कोचला, निक सेबनला, वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर पगार होता. पोरांना तेव्हा पगार नव्हता, स्कॉलरशिप होती. हे मी शेजाऱ्याच्या वडिलांना बोलून दाखवलं, तर आजोबा म्हणाले, बाळ, कोच पोरांना माणूस बनवतो. मी पुढे बोललो नाही, पाहुणा होतो.

बायकोने सांगितलेलं, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, म्हणून डबाभर चिवडा घेऊन गेलो. तिकडे चिकन विंग्ज, सात थरांचं एक डिप, आणि एका मोठ्या पातेल्यात चक्क उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, वाफाळत्या. जॉर्जियात हा प्रकार रस्त्याकडेला पाट्या लावून विकतात. मी तिथेच मांडी ठोकणार होतो पण आजोबांनी मला टीव्हीसमोरच्या बीन बॅगमध्ये बसवलं. बीन बॅगमध्ये माणूस बसत नाही, रुततो.

मग आजोबांनी माझी शिकवणी घेतली. चार चान्स मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर नवे चार चान्स. चान्सला डाऊन म्हणायचं. म्हणजे सेकंड अँड टेन म्हणजे दुसरा चान्स, दहा यार्ड बाकी. एवढं सोपं आहे, पण दर सहा सेकंद खेळ झाला की सगळे थांबतात, गोल करून कुजबुजतात, कोणी नियम मोडला की रेफ्री पिवळा रुमाल फेकतो, मग जाहिरात. साठ मिनिटांचा खेळ चार तास चालतो. मला आपलं लग्नातलं मंगलाष्टक आठवत होतं, आता संपलं म्हणून अक्षता टाकाव्यात तर गुरुजी पुढचं कडवं काढतात.

हाफटाइमला जॉर्जिया 13-0. घरात नुसता श्वानपथकाचा गोंगाट. आजोबा एकटेच गप्प. जॉर्जियाने शेवटचं विजेतेपद मिळवलं ते 1980 च्या सीझनचं, तेव्हा आजोबा तरणेबांड होते, त्यानंतर 37 वर्षं त्यांनी बऱ्याच हाफटाइमच्या आघाड्या पाहिल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, कोणी जागा बदलू नका.

आणि इथून माझा छळ सुरू झाला.

तसा हा नियम मला नवा नव्हता. 2011 च्या वर्ल्ड कप फायनलला आई दूध बघायला आत गेली आणि तेवढ्यात मलिंगाने सचिनला 18 वर काढला, तेव्हा मीच तिला ओरडलो होतो की आता तू बाहेर येऊ नकोस. बिचारी धोनीच्या सिक्सरपर्यंत ओट्यापाशी उभी राहिली, आम्ही तिला आतच स्कोअर सांगत होतो. त्यामुळे मला हलायचं नाही हे तत्त्व मान्यच होतं, फक्त त्या तत्त्वात दर पंधरा मिनिटांनी शेजारीणबाई ग्लासात कोक ओतत होत्या आणि शेंगा खारट होत्या, याचा विचार मी केला नव्हता.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मला पहिली कळ आली. त्याच सुमाराला सेबनने आपला नेहमीचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्स बसवून तुआ टॅगोवायलोआ नावाचं हवाईचं फर्स्ट इयरचं पोरगं उतरवलेलं, आणि ते पोरगं काही भीडभाड ठेवत नव्हतं. मध्येच जॉर्जियाच्या टायलर सिमन्सने अलाबामाची किक अडवली, आम्ही सगळे उसळलो (मी निम्मा, बीन बॅगमुळे), आणि रुमाल पडला, म्हणे तो बॉल सुटायच्या आधीच पुढे घुसला. ऑफसाइड. तो ऑफसाइड नव्हता. बघा, मला खेळ कळत नाही पण हे मीही सांगतो, कारण इथे सलूनपासून देवळाच्या पार्किंगपर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या पोराला पाढे येत नव्हते तेव्हा हे पाठ होतं.

मग 20-7 चे 20-20 झाले. शेवटचे तीन सेकंद उरलेले, अलाबामाला फक्त 36 यार्डांवरून किक मारायची होती. मी डोळे मिटले, खेळासाठी नाही, अंतर्गत कारणासाठी. किक डावीकडे गेली. बाहेर! शेजारी हवेतून येऊन माझ्या अंगावर पडला, नेमका पोटावर, आणि माझा चेहरा धरून म्हणाला, तू लकी आहेस, या जागेवरून मरेपर्यंत उठू नकोस. मला तर वाटलं दोन्ही गोष्टी लवकरच होणार आहेत.

ओव्हरटाइम. प्रत्येक टीमला 25 यार्डांवरून एकेक संधी. जॉर्जियाच्या रॉड्रिगो ब्लँकेनशिपने, चष्मा लावून खेळणारा अगदी आपल्या बँक क्लार्कसारखा दिसणारा मुलगा, 51 यार्डांवरून किक घातली. 23-20. आता अलाबामा. पहिल्याच चान्सला त्या तुआला धरून आपटला, सोळा यार्ड मागे! घर हादरलं, आजोबा रडायला लागले. स्क्रीनवर आलं, सेकंड अँड ट्वेंटी-सिक्स.

मी इंजिनिअर माणूस, मनात हिशोब केला. दहा यार्ड काढायला यांना घाम फुटतो, इथे सव्वीस पाहिजेत. म्हणजे निकाल लागल्यात जमा. शिवाय सगळे मिठ्या मारतायत, कोणाचं लक्ष नाही. मी बीन बॅगमधून हातावर वजन टाकत निघालो आणि कुत्र्याला ओलांडून बाथरूम गाठलं.

सुखाचे दहा सेकंद. मग शांतता.

मी आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्यात, पण दुसऱ्याच्या बाथरूममध्ये ऐकलेली ती शांतता वेगळीच. फ्लश करायचा धीर होईना. हळूच दार उघडून बाहेर आलो तर टीव्हीवर रिप्ले चाललेला, तुआने उंच बॉल टाकलाय, डेव्हॉन्टा स्मिथ त्याच्याखाली एकटाच पळतोय, 41 यार्ड, टचडाऊन (म्हणजे बॉल थेट शेवटच्या पट्ट्यात, सहा पॉइंट), 26-23, खलास. खोलीत सगळे पुतळे. शेजाऱ्याची मान सावकाश वळली, आधी रिकाम्या बीन बॅगकडे, मग माझ्याकडे.

"तू उठलास?"

चिवड्याचा डबा तिथेच राहिला. मागायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आईला फोन करून सगळं रडगाणं सांगितलं. मला वाटलं चार शब्द धीराचे बोलेल. तर म्हणाली, "तुला दोन तासच झाले ना रे? मी अख्खी मॅच ओट्याशी होते, आणि दूध ते दूध गेलं उतू."

पुढे 10 जानेवारी 2022 ला इंडियानापोलिसला परत याच दोन टीम फायनलला. संध्याकाळी शेजारी दारात आला, हातात पाच वर्षांपूर्वी... नाही, चारच, चार वर्षांपूर्वीचा माझा डबा, त्यात गरमागरम उकडलेल्या शेंगा. म्हणाला, तू येऊ नकोस, तुझ्याच घरी बस. बायको-पोराला मात्र आमंत्रण! ते दोघं लाल टीशर्ट घालून भुंकत गेले. मी एकटा शेंगा खात बसलो, पुन्हा तेच मीठ, पुन्हा तीच कळ, पण आपलं घर होतं, उठलो. आतमध्येच होतो तर खिडकीतून अख्खी गल्ली भुंकताना ऐकू आली. जॉर्जियाच्या केली रिंगोने अलाबामाचा फेकलेला बॉल मध्येच पळवून 79 यार्ड धाव मारलेली, मिनिटभर उरलेलं, 33-18, एक्केचाळीस वर्षांचा उपास सुटला. आजोबांनी रात्रीच फोन केला, बराच वेळ नुसते हुंदकेच. मीही भावनेच्या भरात सांगून बसलो की त्या क्षणी मी कुठे होतो.

2023 ला जॉर्जिया पुन्हा फायनलला, समोर टेक्सासची टीसीयू युनिव्हर्सिटी, हाफटाइमलाच 38-7. म्हटलं आता तर हरणं शक्यच नाही. शेजाऱ्याला मेसेज टाकला, आता तरी येऊ का?

लगेच उत्तर आलं. शेंगा संपल्या असतील तर पोराकडून पाठवतो, तू फक्त बाथरूमपासून लांब जाऊ नकोस.