‘भाकडकथा’ म्हणणाऱ्या वाचकाला

मागच्या आठवड्यात मी मेथ्यांवर लिहिलं होतं, त्यावर एकांनी नाव न देता प्रतिक्रिया दिलीय. ती अशी: "आजीच्या भाकडकथा सांगून लोकांना औषधं सुचवू नका. चमचाभर भिजवलेल्या मेथीने शुगर उतरत नाही, अभ्यासात प्रमाण कितीतरी जास्त होतं. दूध वाढतं याला पक्का पुरावा नाही. आणि मेथकुटात मेथी नावालाच असते."

मेथकुटाचं आधी मान्य करते. किलोभर डाळ-तांदळाला मेथ्या दोन-तीन चमचेच पडतात, त्यापेक्षा जास्त घातल्या तर मेथकूट कडू होतं. "मेथकूट म्हणजे मुख्यतः मेथी" हे माझं वाक्य चुकलं होतं.

पण भाकडकथा? हा शब्द तुम्ही कोणाला लावताय याचा लिहिण्याआधी जरा विचार करायचात. माझी आजी चौथी शिकलेली, मिरजेजवळच्या खेड्यातली, आणि तिच्या हाताखाली आमच्या घरातली पाच बाळंतपणं निभावली. मेथ्या मंद आचेवर गुलाबीसर भाजायच्या, घाई केली की करपतात आणि सगळा घाणा कडूजहर होतो हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. लाडवांसाठी मेथीचं पीठ ती तीन-चार दिवस तुपात भिजवून ठेवायची, मग पाव किलो मेथीला किलोभर कणीक, डिंक, खारीक, सुकं खोबरं आणि गूळ. मेथांब्याच्या फोडणीत मेथ्या काळ्या पडल्या तर ती फोडणी टाकून दुसरी करायला लावायची, तेल वाया गेलं तरी चालेल म्हणायची. हे सगळं वर्षानुवर्षं हाताने करून आलेलं शहाणपण आहे, आणि तुम्ही एका शब्दात ते मोडीत काढलंत.

माझं स्वतःचं सांगते. २००९ मध्ये मुलगी झाली तेव्हा दूध कमी पडत होतं, मी रोज रडायचे. आईने रोज सकाळी एक मेथीचा लाडू आणि वाटीभर अळिवाची खीर चालू केली आणि आठवड्याभरात फरक पडला. लंगोटाला पण मेथीचा गोडसर वास यायचा, मी घाबरले होते. तो वास मेथीतल्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा, हे खूप नंतर वाचलं, ते घामा-लघवीतून उतरतं. म्हणजे खाल्लेलं अंगात जातं, नुसतं जिभेवर राहत नाही. तुम्ही म्हणाल हा एका बाईचा अनुभव. हो, माझाच आहे, मी भोगलेला आहे, आणि तो मला कोणी नाव न देता येऊन खोटा ठरवू नये.

शुगरचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांचा १९९० सालचा अभ्यास मलाही माहीत आहे, त्यात तेल काढलेल्या मेथीची पूड रोज १०० ग्रॅम दिली होती, चमचाभर नव्हे, ठीक आहे. पण मेथ्या भिजवल्यावर जो बुळबुळीत चिकटपणा येतो तोच तंतुमय भाग साखर रक्तात हळू जाऊ देतो, आणि तो चमचाभर मेथीतही असतोच ना. माझे वडील मधुमेही, चौदा वर्षं रोज भिजवलेली मेथी खायचे आणि गोळीही घ्यायचे. गोळी सोडा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. उलट शुगरची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून मेथी घेऊ नका, असं शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नसणार. अर्धवट वाचून माणसाला फसवणारी ठरवायचं ही कुठली पद्धत?

बाकीच्या मुद्द्यांवर वाद घालत बसायला मला वेळ नाही, उद्या घरी पाहुणे आहेत आणि मेथांब्याच्या कैऱ्या चिरायच्यात. पुढच्या वेळी नाव लिहून, नीट भाषेत विचारा, मी जरूर उत्तर देईन. मेथकुटाची ओळ आज दुरुस्त केलीय. आजीचा परिच्छेद आहे तसाच राहील.