नव्या गाडीला चरा पडल्यास करावयाची कामे

नव्या गाडीला पहिला चरा कधी पडावा हे आपल्या हातात नसतं, पण तो सुखाच्या दिवसांत सहसा पडत नाही. बढती झाली, बोनस आला, अशा आठवड्यात गाडी कितीही अरुंद जागेतून सुतासारखी सरळ निघते. मग ऑफिसातून ‘येत्या काळात काही कठीण निर्णय घ्यावे लागतील’ अशी मेल येते, पाठोपाठ घराचा हप्ता वाढल्याचा मेसेज येतो, म्युच्युअल फंडाचं अ‍ॅप उघडायचं धाडस होईनासं होतं, आणि नेमका तेव्हाच पार्किंगमधला रोजचा खांब दोन इंच पुढे सरकतो. दुष्काळात तेरावा महिना. पण धीर सोडू नका. अशा वेळी चऱ्याशी कसं वागावं याची एक रुळलेली पद्धत आहे, आणि ती मनापासून पाळली तर किरकोळ चऱ्याचं मोठ्या खर्चात रूपांतर करणं कुणालाही जमतं.

सुरुवात तपासणीने करा. गाडीशेजारी उकिडवं बसायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि अंगठ्याला थुंकी लावून चऱ्यावर घासायचं. जागा ओली असेपर्यंत चरा नाहीसा होतो आणि ऊर भरून येतो. वाळली की पुन्हा उगवतो. मग परत थुंकी. वास्तविक त्या अंगठ्याने तुम्हाला निदान सांगून टाकलेलं असतं. गाडीच्या रंगाचे साधारण चार थर असतात: पत्र्याला धरून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थरांची मिळून जाडी भरते जेमतेम 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवावेत तेवढी. ओलं केल्यावर दिसेनासा होणारा, नख फिरवलं तरी न अडकणारा चरा बहुधा वरच्या पारदर्शक थरातच असतो. तो पॉलिशने जातो, आणि नाही गेला तरी गाडीचं काही बिघडत नाही. हे निदान कानाआड करा. फुकटात झालेल्या निदानावर विश्वास ठेवायला आपण काय कालचे आहोत?

आता घरगुती उपाय. यांत टूथपेस्टचा मान पहिला. तिच्यात बारीक खरखरीत कण असतात, म्हणूनच ती दात घासते; चऱ्याच्या आजूबाजूचा धडधाकट क्लिअर कोटही ती तितक्याच इमानाने घासते. अर्धा तास नेटाने मेहनत केली की एका रेघेच्या जागी तळहाताएवढा धुरकट पट्टा तयार होतो, आणि त्याच्या मधोमध ती रेघ असतेच. दुसरा उपाय उकळत्या पाण्याचा. पोचा आलेल्या बंपरवर गरम पाणी ओतून तो आतून ढकलला की पॉक् करून जागेवर येतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते बऱ्याचदा खरे असतात, कारण बंपरचं बाहेरचं कवच प्लास्टिकचं असतं. तापलं की मऊ पडतं आणि मूळ आकार धरू पाहतं. तेव्हा हा उपाय आपण दरवाजाच्या पत्र्यावर करायचा. पोलादाला उकळत्या पाण्याने ढिम्म फरक पडत नाही, पण दोन बोटं भाजतात आणि आपण हातावर हात ठेवून बसलो नाही याचं समाधान मिळतं.

तुमच्या दुःखाला शास्त्राचाही पाठिंबा आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख जास्त बोचतं. पुढे त्यांच्याच मोजमापात ते दुपटीच्या आसपास भरलं. कानेमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला अजून काही मिळालेलं नाही, पण दुःख तेच. गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी तिची किंमत जेवढी घसरली, तिच्यापुढे हा चरा किस झाड की पत्ती. त्या घसरणीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, उलट फोटो काढले. कारण ती दिसत नव्हती. तिच्याशेजारी उकिडवं बसता येत नव्हतं. नोकरीची धाकधूक, महागाई, फंडाची लाल आकडेवारी, यांतल्या कशावर तरी थुंकी लावून घासता येतं का? चऱ्याचं तसं नाही. जी काळजी कुठे ठेवावी कळत नव्हतं, तिच्यासाठी दरवाजावर नेमकी सहा इंचांची जागा उपलब्ध झालेली असते. घरातून विचारणा होते, “तुमच्या डिपार्टमेंटलाही लागू होणार आहेत का हो ते कठीण निर्णय?” त्यावर टॉर्च न हलवता उत्तर द्यायचं, “थांब गं, आधी हे बघू दे.”

यापुढचा भाग महत्त्वाचा, कारण इथेच नवशिके चुकतात आणि योग्य जागी पैसे खर्च करून बसतात. नियम सोपा आहे: जखम मांडीला, मलम शेंडीला. बंपरवरच्या चऱ्यावर जरूर खर्च करा. प्लास्टिकला गंज चढत नाही, तो चरा पुढची दहा वर्षं तसाच राहिला तरी त्याखालचं काहीही सडणार नाही, आणि बंपर मुळात टक्कर खाण्यासाठीच पुढे काढलेला असतो. म्हणून तो आरशासारखा चकचकीत हवा. याउलट बॉनेटच्या कडेला, दगड उडून टिकलीएवढा रंग उडालाय आणि खालचा पत्रा उघडा पडलाय, तिकडे ढुंकूनही पाहू नका. तिथे पाणी आणि हवा दोघांनाही आयतं दार मिळतं. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो काही काळ स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. पण तोही किती दिवस किल्ला लढवणार? गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आजूबाजूचा रंग आतून उचलला जातो आणि फोड दिसू लागतात. सुरुवातीलाच ती जागा साफ करून, रंगाचा कोड बघून आणलेल्या टचअपच्या बाटलीतला एक थेंब लावला असता तर भागलं असतं. हा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. पण एका थेंबात कसली आलीय दुरुस्ती? चारचौघांत सांगायलाही संकोच वाटतो.

पुढच्या काचेवर खडी लागून उठलेल्या चांदणीचंही तेच. ही काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्यामुळे ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. चांदणी लहान आणि ताजी असेल तर तिच्यात रेझिन भरून ती बहुधा जागच्या जागी थांबवता येते. तुम्ही मात्र काच कडकडीत गरम आणि थंडगार होऊ द्या. काचेवर तळपतं ऊन आणि आतून एसीचा झोत, हे मिश्रण उत्तम. एक दिवस खड्ड्यातून जाताना चांदणीला शेपूट फुटेल आणि अख्खी काच बदलायची वेळ येईल. काचेमागे लेन ओळखणारा कॅमेरा बसवलेला असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे नेम पुन्हा जुळवणंही, करून घ्यावं लागेल. तोवर मात्र बंपर चकचकीत झालेला असेल, हे विसरू नका.

तर बंपर आणि दरवाजा रंगवायला टाका. कारखान्यात रंग भाजतात तो नुसत्या सांगाड्यावर, 140 अंशांच्या आसपास. तुमच्या गाडीत आता सीट आहेत, वायरिंग आहे, प्लास्टिक आहे. तिला एवढ्या भट्टीत घातलं तर बाहेर काय येईल याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये 60 अंशांच्या आसपास वाळणारे वेगळे रंग वापरतात. चांगला कारागीर त्यातूनही सुंदर काम करतो. पण मेटॅलिक रंगातले चमचमते कण प्रत्येक फवाऱ्यात वेगळे बसतात, म्हणून एकच दरवाजा रंगवला तर तो उन्हात उपरा दिसतो. मग रंग शेजारच्या दारावर विरवत न्यावा लागतो, तिथून फेंडरवर. सहा इंचांच्या चऱ्यासाठी गाडीची अर्धी बाजू रंगते. बंपरमागे आजूबाजूच्या गाड्या टिपणारं रडार असेल तर जाड रंगाने ते गोंधळू शकतं, हा प्रश्न गॅरेजवाल्याला विचारू नये. त्याच्या उत्साहावर पाणी पडतं.

पैशाचं कसं, असं विचाराल. विमा आहे ना! पॉलिसी वाचलेली नसणं ही इथली मुख्य पात्रता. वाचलीत तर कळेल की प्रत्येक क्लेममधली ठरावीक रक्कम आपणच भरायची असते, अनेक पॉलिसींमध्ये बदललेल्या भागांची घट वजा होते, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, असेल तर एका क्लेमने तो पुढच्या हप्त्यातून उडतो किंवा घटतो. कागद-पेन्सिल घेतली तर अनेकदा असं दिसतं की लहान कामाला क्लेम घेण्यापेक्षा खिशातून भरलेलं स्वस्त पडतं. कागद-पेन्सिल घेऊ नका. उलट, आता क्लेम करतोच आहोत तर मागच्या डाव्या दरवाजाचा चरा आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याचा पोचाही त्याच अपघातात बसवून टाका. सर्व्हेअर येईल, खाली वाकून चरे कुठल्या दिशेला गेलेत, जमिनीपासून किती उंचीवर आहेत, त्यांत दुसरा कुठला रंग लागलाय का, हे बघेल आणि शांतपणे विचारेल, “नक्की कसं झालं, साहेब?” त्या वेळी खांबाने गाडीला प्रदक्षिणा घातली, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. अक्षर सुवाच्य ठेवा. क्लेम तर जाईलच, पण खोट्या माहितीपायी पॉलिसीही धोक्यात आणता येते, हा या उपायाचा जादा लाभ.

आणि मालकीचं म्हणाल, तर कर्ज फिटेपर्यंत गाडीवर बँकेचा बोजा असतो. डाउन पेमेंट नावापुरतं आणि मुदत लांबलचक असेल, तर सुरुवातीचा बराच काळ गाडीच्या किमतीपेक्षा देणंच जास्त असतं. म्हणजे उद्या नोकरीवर गदा आली आणि गाडी विकून मोकळं व्हायचं ठरवलं, तरी वर स्वतःच्या पदरचे घालावे लागतील. हा आकडा कर्जाच्या स्टेटमेंटवर दिसतो, पण ते उघडून बघायला चऱ्यातून सवड कुठे असते? चरा मात्र शंभर टक्के आपला. त्यावर कुणाचं तारण नाही, हप्ता नाही, जामीनदार नाही. म्हणून आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तोच आधी बुजवावा, हे ओघानेच आलं. सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक असावा असं सल्लागार म्हणतात; त्यांच्या गाडीला चरा पडलेला नसतो.

सगळं पार पडलं की काही वर्षांनी गाडी विकायला काढा. घेणारा येईल आणि खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढून पत्र्यावर टेकवत फिरेल. रंगाची जाडी मोजणारं ते यंत्र बॉनेटवर 120 मायक्रॉन दाखवेल, छतावर 115, आणि तुम्ही हौसेने करून घेतलेल्या बाजूवर एकदम 290. तो भुवया उंचावून विचारेल, “मोठा अ‍ॅक्सिडेंट झाला होता का?” तुम्ही खरं ते सांगा: छे हो, साधा चरा होता, नखालासुद्धा लागत नव्हता. तो हसेल, तेवढ्यासाठी कुणी अर्धी गाडी रंगवतं का म्हणेल, आणि अपघातातली गाडी म्हणून किंमत पाडून मागेल.