खर्च उघड करावा, उलगडू मात्र नये

इंग्लंडमधील एखाद्या स्थानिक परिषदेच्या वित्त विभागाची खुर्ची आपल्या वाट्याला आलीच, तर दर तिमाहीला जाहीर करावयाच्या खर्चाच्या यादीची धास्ती प्रथम मनातून काढून टाकावी. २०१५ च्या पारदर्शकता संहितेनुसार ५०० पौंडांहून अधिक रकमेचा प्रत्येक खर्च प्रसिद्ध करावा लागतो, हे खरे. परंतु ‘हून अधिक’ हे शब्द सावकाश वाचावेत. नेमक्या ५०० पौंडांचे देयक या अटीत बसत नाही, आणि १,२०० पौंडांचे काम ज्याला तीन देयकांत बसवता येत नाही, असा कंत्राटदार अजून जन्माला यायचा आहे.

उरलेल्या व्यवहारांसाठी प्रयोजनाचा रकाना आपल्या मदतीला आहे. समजा, यादीत एक ओळ अशी आहे : विभाग ‘पर्यावरण’, लाभार्थी एक कंपनी, प्रयोजन ‘सेवा – इतर’, रक्कम ४८,००० पौंड. यात एकही शब्द खोटा नाही, आणि कचरा उचलला, झाडे तोडली की अहवाल लिहून घेतला, याचा थांगपत्ताही लागत नाही. पुढच्या तिमाहीत त्याच कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ लिहावे, त्यापुढच्या वेळी ‘लि.’ लिहावे, आणि एकदा टिंब गाळावे, म्हणजे वर्षभराची बेरीज करायला बसलेल्या चिकाटीच्या नागरिकाच्या पदरी तीन-चार निरनिराळे पुरवठादार पडतील. मार्चमध्ये चुकून दुप्पट दिलेली रक्कम जूनमध्ये परत आली, तर ती उणे चिन्हासह कुठेतरी मधल्या ओळीत ठेवावी. ती कोणत्या देयकाची, हे सांगण्याचा मोह आवरावा.

संहितेला यंत्राने वाचता येईल अशी माहिती हवी असते. यंत्राला काय हवे, याची उठाठेव यंत्रांनी करावी; आपण यादी कागदावर छापून, पुन्हा स्कॅन करून, जरा तिरकी अशीच चढवावी.

देखरेखीचे म्हणाल, तर स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणावर लक्ष ठेवणारे ऑडिट कमिशन मार्च २०१५ च्या अखेरीस, म्हणजे ही संहिता आल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच बंद झाले. नागरिकच घरबसल्या हिशेब तपासतील, अशी तत्कालीन मंत्री एरिक पिकल्स यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धेचा ताळा कोणी मागत नाही. स्थानिक लेखापरीक्षणाच्या २०१४ च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी नागरिकांना हिशेबाची पुस्तके व देयके पाहण्यासाठी वर्षातून ३० कामकाजाचे दिवस दिले आहेत खरे. पण त्या मुदतीची सूचना कोणी शोधून काढलीच, तर देयकावरील दरांवर ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून काळी पट्टी ओढण्याची वाट मोकळी आहे. ही सवलत खऱ्या व्यापारी गुपितांसाठी आहे, असे काही हटवादी लोक म्हणतात. त्यांना शांतपणे ऐकून घ्यावे.

एवढे करूनही एखाद्याने चूक दाखवलीच, तर त्याचे लेखी आभार मानावेत, जुनी फाईल काढून त्याच नावाची नवी ठेवावी, काय बदलले याचा उल्लेख टाळावा आणि प्रसिद्धीची तारीख तशीच राहू द्यावी. ही यादी तयार कोणी केली, असा प्रश्न आला तर ‘वित्त विभागाने’ असे उत्तर द्यावे. वित्त विभागात कोणी, असे पुन्हा विचारले, तर संबंधित कर्मचारी रजेवर आहे.