दार सगळ्यांसाठी एकाच वेळी बंद होते, असे आम्हाला सांगितले होते

आज दिल्लीहून पुण्याला येणारे आमचे विमान सगळे प्रवासी बसल्यावरही पाऊण तास जागचे हलले नाही. ते का हलले नाही हे कळल्यापासून माझे डोके जे तापले आहे, ते स्वारगेटला सांगलीची एसटी पकडून खिडकीशी बसले तरी शांत झालेले नाही, म्हणून गाडीतूनच लिहिते आहे. नेत्याचे नाव लिहिणार नाही आणि पक्षाचेही नाही, तेव्हा आपापले झेंडे घेऊन कोणी खाली धावून येऊ नये. माझ्या यादीतल्या मंडळींना यात नवे काही वाटणार नाही, याचीही मला कल्पना आहे, आणि खरे तर त्याचाच मला अधिक राग आहे.

सामान वर ठेवून झाले होते, पट्टे बांधून झाले होते, दार मात्र उघडेच होते आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. थोडा विलंब होत आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद, अशी घोषणा झाली. पट्टा बांधून बसलेला माणूस सहकार्याशिवाय दुसरे काय करणार? शेजारच्या बाईंच्या मांडीवरचे मूल रडून रडून लाल झाले होते. मी केबिन क्रूमधल्या मुलीला विचारले, की आपण कोणाची वाट पाहतो आहोत. ती हसून म्हणाली, "एक प्रवासी येत आहेत मॅडम, बस पाचच मिनिटं."

ते एक प्रवासी आले ते चौघांना घेऊन. पुढे दोन फोन हातात घेतलेला पीए, त्याच्या मागे हँगरला लावलेले जाकीट सांभाळत एक कार्यकर्ता, आणि मग साहेब. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हात जोडलेले, डावीकडे नमस्कार, उजवीकडे नमस्कार, जणू काही आम्ही सगळे दर्शनाच्या रांगेत खोळंबलो होतो. उशिराबद्दल दिलगिरीचा एक शब्द नाही. खुर्चीत बसता बसता त्या मुलीला ते म्हणाले, "चला, निघू या आता." जणू उशीर तिच्यामुळे झाला होता! आणि माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ, जो पाच मिनिटांपूर्वी घड्याळ पाहून शिव्या घालत होता, तो उठून त्यांच्याबरोबर सेल्फी काढून आला.

मला त्या क्षणी आमचे भाऊजी आठवले.

माझे सासरे गेले तेव्हा धाकटे भाऊजी बेंगळुरूला होते. पहाटे फोन गेला, त्यांनी मिळेल त्या भावाने कोल्हापूरच्या विमानाचे तिकीट काढले आणि तसेच निघाले. पण तिथल्या वाहतुकीत अडकून विमानतळावर पोहोचले तेव्हा काउंटर बंद होऊन सात-आठ मिनिटे झाली होती. विमान समोर उभे होते, त्यातल्या त्यांच्या खुर्चीचे पैसे भरलेले होते, घरी वडिलांचा देह ठेवलेला होता. त्यांनी सगळे सांगितले. काउंटरवरच्या मुलीने ऐकून घेतले आणि सांगितले, की सर, सिस्टीम बंद झाली आहे, आता माझ्या हातात काही नाही. त्या दिवशी दुसरे सोयीचे विमान नव्हते. ते टॅक्सी करून निघाले आणि रात्री उशिरा सांगलीत पोहोचले. रात्रभर ठेवायला नको, असे थोरल्या मंडळींनी ठरवल्यामुळे दिवस मावळायच्या आत कृष्णाकाठी सगळे उरकले होते. भाऊजींच्या वाट्याला सावडण्याचा दिवस तेवढा आला.

त्या रात्री मी त्या विमान कंपनीला नाही नाही ते बोलले होते. भाऊजीच मला म्हणाले, "वहिनी, त्या मुलीची चूक नव्हती. दार सगळ्यांनाच एका वेळी बंद होतं." इतकी वर्षे आमच्या घराने या एका वाक्यावर समाधान मानले. आज पाऊण तास मी त्या उघड्या दाराकडे पाहत बसले होते.

माझे म्हणणे नीट समजून घ्या. लोकप्रतिनिधींना सवलती मिळतात म्हणून मी हे लिहीत नाही. खासदारांना १९५४ च्या वेतन व भत्त्यांच्या कायद्यानुसार वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास सरकारी खर्चाने मिळतात, मिळू देत. दिल्लीला अधिवेशन आणि मतदारसंघ सांगलीत असला की माणसाने काय बैलगाडीने जायचे? विमानतळावर त्यांना वेगळी बसायची जागा द्या, चहा द्या, पुढची खुर्ची द्या, बोर्डिंग पास आणून हातात द्या. टोलनाक्यावर सोडता, तसे सोडा. माझ्या पुढच्या बाकावर एसटीने विधानमंडळाच्या सदस्यांसाठी राखीव अशी पाटी लावली आहे आणि तिच्याखाली एक आजी मांडीवर पिशवी घेऊन डुलक्या काढत आहेत. त्या जागेवर आमदार बसलेला मी आजवर पाहिलेला नाही, पण त्या पाटीचाही मला कधी राग आला नाही. राग आहे तो आमचा वेळ घेण्याचा. दुसऱ्याला ताटकळत ठेवता येणे हाच आपला मोठेपणा, असे या मंडळींना मनापासून वाटते.

मी शिक्षिका होते, त्यामुळे हे ताटकळणे मी जवळून पाहिले आहे. मंत्री येणार म्हणून मुली सकाळपासून नऊवारी नेसून, लेझीम घेऊन पटांगणावर उन्हात उभ्या असायच्या. काष्टा सुटायचा, चापाची नथ नाकाला रुतायची, कपाळावरचे कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळायचे, आणि पत्रिकेत दहा वाजता छापलेला कार्यक्रम एक वाजून गेला तरी सुरू व्हायचा नाही. गाड्यांचा ताफा आला की संस्थेचे पदाधिकारी आमच्यावरच ओरडायचे, की मुली अशा मरगळल्यासारख्या का दिसतात. साहेब भाषणात म्हणायचे, की वाटेत लोकांच्या प्रेमामुळे थांबावे लागले. मग टाळ्या. ज्याच्या नशिबात आयुष्यभर अशा टाळ्या आल्या, तो माणूस विमानतळाच्या काउंटरवर येतो आणि तिथे त्याला पहिल्यांदाच एक पंचविशीतली मुलगी सांगते, की वेळ संपली. तिथे यांचे पित्त खवळते. विमान ही या देशातली फार थोड्यांपैकी एक अशी जागा आहे, जिथे घड्याळाने माणसाचे पद विचारायचे नाही असे ठरलेले आहे, आणि नेमके तेच यांना सोसत नाही.

आठवून पाहा. २०१७ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमच्या विमानतळावर जे. सी. दिवाकर रेड्डी हे खासदार काउंटर बंद झाल्यावर पोहोचले. बोर्डिंग पास मिळणार नाही म्हटल्यावर त्यांनी तिथला प्रिंटर ढकलून दिला, आणि एवढे करून ते गेले त्याच विमानाने! कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली ती नंतर. आमचे भाऊजी सात-आठ मिनिटे उशिरा पोहोचले होते आणि त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. लावला असता तर ते कोठडीतून बाहेर कधी आले असते, हे तुम्हीच सांगा.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या धाराशिवच्या तेव्हाच्या खासदारांनी काय केले, ते तर साऱ्या देशाने पाहिले. पुण्याहून दिल्लीला जाणारे विमान, त्यात बिझनेस क्लासच नव्हता, म्हणून दिल्लीत उतरायलाच नकार, आणि समजूत घालायला आलेल्या एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारहाण. पंचवीस वेळा मारले, हे रवींद्र गायकवाडांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितले. पेशाने प्राध्यापक, हे विशेष. विमान कंपन्यांनी एकजुटीने त्यांना तिकीट नाकारले, तेव्हा मला फार बरे वाटले होते. पण उमरग्यात त्यांच्यासाठी बंद पाळला गेला, लोकसभेत त्यांच्या बाजूने गोंधळ झाला, आणि दोन आठवड्यांत खेद व्यक्त करणाऱ्या एका पत्रावर सगळे मिटले. विमानात दंगा करणाऱ्यांवर बंदी घालण्याची नियमावली त्यातूनच सप्टेंबर २०१७ मध्ये आली: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका निर्माण केला तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. नियम चांगला आहे. पण त्यात गैरवर्तन म्हणजे आरडाओरडा आणि मारहाण. हात जोडून, हसतमुखाने, सगळ्या विमानाला पाऊण तास बसवून ठेवणारा माणूस त्यात कुठे बसवायचा?

खंबाटकी ओलांडेपर्यंत मोबाइलला धड रेंज नव्हती, त्यामुळे थोडी शांत झाले. आता दुसरी बाजूही लिहिते, कारण ती कोणी ना कोणी लिहिणारच. विमाने धुक्याने, धावपट्टीवरच्या गर्दीने, कंपनीच्या गलथानपणाने रोज उशिरा सुटतात आणि त्यात नेत्यांचा हात नसतो, हे खरे आहे. जोड विमानाने येणाऱ्या साध्या प्रवाशांसाठीही कधी कधी विमान थांबवतात. २०१५ मध्ये लेहला केंद्रीय राज्यमंत्री किरेन रिजिजू यांच्यासाठी एका लहान मुलासह तिघांना विमानातून उतरवल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा सुटण्याची वेळ अलीकडे आणल्याचे रिजिजूंना कळले नव्हते, असा खुलासाही आला होता. आणि त्यांनी माफी मागितली होती, हेही नोंदवते. रांगेत उभे राहणारे, स्वतःची बॅग स्वतः ओढणारे आमदार-खासदारही असतात. असतात. पण त्यांचे फोटो काढून आपण "किती साधे राहतात बघा" म्हणून फिरवतो, यावरूनच ते किती आहेत ते समजते.

१ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे गेले तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. दिवा टपावरून उतरला, एवढेच. ज्या सातारकरांनी १९५७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत निवडून पाठवले, त्यांच्या आणि आम्हा सांगलीकरांच्या वाट्याला आज कसली मिजास आली आहे, यावर मी बोलत राहिले तर गाडी सांगलीला पोहोचेल तरी माझे संपणार नाही.

आणि त्या सेल्फीवाल्या गृहस्थाला मी विसरलेले नाही. खरे सांगायचे तर साहेबांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. केबिन क्रूमधल्या मुलीला नोकरी आहे, तिला वरून फोन आला असेल, ती काय करणार? पण याला कोणाचा फोन आला होता? विमानातल्या दीडशे माणसांपैकी दहा जण जरी म्हणाले असते, की साहेब, आमचा पाऊण तास गेला, तर ते नमस्काराचे हात क्षणभर तरी खाली आले असते. मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. पीएने मागे वळून पाहिले आणि शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला, की ताई, जाऊ द्या. भाऊजींना तेव्हा "जाऊ द्या" म्हणणारा एक माणूस काउंटरच्या पलीकडे असता, तर त्यांना वडिलांचे तोंड दिसले असते.

हे लिहीत असतानाच आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पत्रिका आली आहे. येत्या रविवारी नव्या सभागृहाचे उद्घाटन, वेळ सायंकाळी पाच, हस्ते अर्थातच एक साहेब. मी लगेच लिहिले, की बरोबर पाच वाजता जे हजर असतील त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातून नारळ फोडू आणि साहेब आले की त्यांना चहा देऊ. सेक्रेटरींचे उत्तर आले, "अहो वहिनी, साहेब आल्याशिवाय नारळ कसा फोडायचा?" मी त्यांना कळवले आहे, की नारळ मी आणते, तुम्ही फक्त पाचला सभागृहाचे कुलूप काढा. ग्रुपवर आतापर्यंत दोन अंगठे आले आहेत, त्यातला एक आमच्या भाऊजींचा आहे आणि ते तर बेंगळुरूला असतात. सेक्रेटरींनी मेसेज वाचला आहे, उत्तर दिलेले नाही.